सावित्रीकाठचा एक रुग्ण

महाडचे नाव निघाले की बहुतेकांना रायगड आठवतो, आणि गडाकडे जाणारा प्रवासी महाडच्या बाजारपेठेत क्वचितच थांबतो. व्यापारी घराण्यातील माणसाने मात्र तेथे थांबावे. सावित्रीच्या खाडीतून भरतीबरोबर गलबते वर यायची, माल उतरायचा आणि बैलांच्या पाठीवर घाट चढून देशावर जायचा. या येण्याजाण्यावरच हे गाव वाढले. गावालगतची गांधारपाले येथील बौद्ध लेणी पाहिली की हा व्यापारी मार्ग किती जुना असावा याची कल्पना येते. आता गलबते गेली, माल ट्रकने येतो. पण पेठेतील दुकानांची ठेवण बरीचशी तीच राहिली आहे. पुढे गल्ला, मागे वखार, वर माळा आणि परसदारी विहीर.

माझ्या आत्याचे घर असेच आहे. किराणा आणि धान्याचे दुकान, चार पिढ्यांचे. गेल्या श्रावणात मी तेथे आठ दिवस राहिलो. निघताना रायगड पुन्हा एकदा पाहायचा, उमरठला तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीचे दर्शन घ्यायचे, जमल्यास आंबेनळी घाटाने महाबळेश्वर गाठायचे असा बेत होता. पावसाने त्यातले बरेचसे पुसून टाकले, आणि उरलेले एका बोक्याने.

हा पिवळा बोका दुकानाचाच म्हणायचा. तो गल्ल्याशेजारच्या गोणीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे अर्धवट डोळ्यांनी पाहत असे, म्हणून हमालांनी त्याचे नाव ‘शेठजी’ ठेवले होते. त्याच्या आजीची गोष्ट आत्या अजून सांगते. २२ जुलै २०२१ ची ती रात्र पेठेतील एकही घर विसरलेले नाही. वर महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस कोसळला, सावित्री आणि गांधारी गावात शिरल्या, आणि दुकानांचे तळमजले पाण्याखाली गेले. त्याच दिवशी तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे येथेही दरडींनी बळी घेतले. आत्याचे सारे कुटुंब त्या रात्री माळ्यावर होते. एका कोपऱ्यात मांजरी, दुसऱ्या कोपऱ्यात पाण्यातून वर चढलेले उंदीर, मध्ये माणसे. ‘त्या रात्री कोणी कोणाला खाल्ले नाही,’ एवढेच आत्या सांगते, आणि पुढे काही बोलत नाही.

मी पोहोचलो त्याच्या आदल्या दिवशी हा बोका दुकानाच्या पायरीखाली सापडला होता. रात्री कोणत्या तरी वाहनाची धडक बसली असावी. तोंडातून रक्तमिश्रित लाळ गळत होती आणि खालचा जबडा एका बाजूला कललेला. आत्याचा मुलगा त्याला उचलू लागला तेव्हा त्याने ओरखडा काढला. गावातील पशुवैद्यांनी प्रथम बोक्याकडे नव्हे, त्या ओरखड्याकडे पाहिले. त्यांचे म्हणणे असे की लोंबता जबडा आणि गळणारी लाळ ही अपघाताची चिन्हे असतात, तशीच ती रेबीजचीही असू शकतात. तोंडाची इजा झालेल्या अनोळखी जनावराला उघड्या हाताने कधीही धरू नये. भावाने जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुतली आणि सरकारी रुग्णालयात लस सुरू केली. पहिला दिवस, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा अशा त्या खेपा. रस्त्यावरील जनावरांना खाऊ घालणारी माणसे आपल्या समाजात घरोघरी आहेत, म्हणून हे आधीच लिहिले.

बोक्याचा खालचा जबडा हनुवटीच्या मध्यभागी दुभंगला होता. मांजराच्या खालच्या जबड्याचे दोन अर्ध पुढे एका सांध्याने जोडलेले असतात आणि उंचावरून पडल्यास किंवा गाडीची ठोकर लागल्यास तो सांधा सुटतो. मांजरांत ही इजा पुष्कळदा आढळते. भूल देऊन खालच्या दोन सुळ्यांच्या मागून बारीक पोलादी तार फिरवायची आणि दोन्ही भाग आवळून धरायचे, असा त्यावर उपाय. वरंध घाट पावसाने बंद होता, म्हणून भाऊ माणगावहून ताम्हिणी मार्गे पुण्याला गेला आणि रात्री उशिरा तार घातलेला बोका घेऊन परतला. तार सहा आठवडे राहणार होती. वेदनेचे औषध मोजून दिलेले होते, आणि घरातली तापाची गोळी चुकूनही देऊ नये अशी ताकीद. पॅरासिटामॉल मांजराच्या शरीराला पचवता येत नाही. माणसाची एक गोळी त्याचा जीव घेऊ शकते.

शस्त्रक्रिया एका तासाची असते. खरी शुश्रूषा पुढची, आणि ती आत्याने केली. जाड पंचात बोक्याला फक्त डोके बाहेर राहील असे गुंडाळायचे, त्याचे तोंड आपल्या विरुद्ध दिशेला करून मांडीशी धरायचे, आणि सुई काढलेल्या सिरिंजने तोंडाच्या कोपऱ्यातून, सुळ्याच्या मागच्या फटीतून, अर्धा-एक मिलिलिटर पातळ अन्न सोडायचे. मग थांबायचे. गिळल्याचे गळ्यावर दिसले की पुढचा घोट. मान वर करायची नाही, कारण तसे केले की अन्न श्वासनलिकेत उतरते आणि फुप्फुसाला सूज येते. अन्न अंगाइतकेच कोमट हवे. मांजर जिभेपेक्षा नाकाने जेवते, गार अन्नाला वास नसतो आणि वास नसलेले त्याला अन्न वाटत नाही. म्हणून नाकपुड्यांवर सुकलेले रक्त ओल्या कापसाने पुसायचे. दिवसातून सहा वेळा हे सारे. प्रत्येक वेळी वीस-पंचवीस मिनिटे जात. आत्याचे वय अडुसष्ट, गुडघे दुखरे. पण पहाटेच्या सामायिकानंतरचा पहिला घास तिने एकदाही दुसऱ्यावर सोपवला नाही.

भावाने आणखी एक गोष्ट केली, ती व्यापाऱ्यालाच सुचावी. रोज सकाळी दुकान उघडण्यापूर्वी तो बोक्याला पंचासकट वजनकाट्यावर ठेवी, पंचाचे वजन वजा करी आणि रोजमेळाच्या वहीच्या शेवटच्या पानावर आकडा टिपून ठेवी. पहिल्या दिवशी ३ किलो १५० ग्रॅम. चौथ्या दिवशी २ किलो ८६० ग्रॅम. डॉक्टरांना फोनवर काय सांगायचे ते या आकड्यांनीच ठरत असे.

वजन घटत होते, कारण पोटात जात होते ते मुगाचे पाणी, पातळ भात, दूध आणि कुस्करलेले पनीर. आपल्या घरांत मांजराला द्यायचे ते दूध, अशी सर्वांचीच समजूत आहे. पण वाढ झालेल्या पुष्कळ मांजरांना दुधातील साखर पचत नाही; या बोक्यालाही जुलाब झाले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की मांजर तीन-चार दिवस पुरेसे जेवले नाही तर शरीरातील चरबी यकृतात साठू लागते आणि मग जबडा जुळूनही जनावर वाचत नाही. शिवाय मांजराची घडणच मांसाहाराची. टॉरिन नावाचे द्रव्य त्याच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही, ते मांस-मासळीतूनच यावे लागते. त्याच्या अभावी मांजर आंधळे होते हे १९७५ मध्ये, आणि हृदयाचे स्नायू दुबळे होतात हे १९८७ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले. गाजरातून जीवनसत्त्व अ तयार करणे आपल्याला जमते, मांजराला जमत नाही. गोड चवसुद्धा त्याला कळत नाही. टॉरिन आता कारखान्यातही बनते आणि मांजरांच्या तयार अन्नात घातले जाते. पण त्या अन्नाच्या पाकिटावर घटक वाचले तर पहिले नाव मासळीचे किंवा कोंबडीचे निघते.

पाचव्या दिवशी रात्री हा विषय माजघरात निघाला. पर्युषण चार दिवसांवर आले होते.

आत्याचे मोठे दीर, ज्यांना आम्ही मोठे काका म्हणतो, हे स्वाध्याय करणारे गृहस्थ. ते कठोर मुळीच नाहीत. पुण्याच्या खर्चाचे पैसे त्यांनीच दिले होते. त्यांचा प्रश्न सरळ होता. मासा हाही पंचेंद्रिय जीव. एका पंचेंद्रियाला सहा आठवडे जगवण्यासाठी किती पंचेंद्रियांचा हिशेब मांडायचा? आणि आपण मारले नाही, फक्त विकत घेतले, या म्हणण्याला आपल्याकडे अर्थ नाही. करणे, करवणे आणि अनुमोदन देणे ही तिन्ही एकाच पंक्तीत बसतात. शास्त्रात मांजराचा उल्लेख नाही असे समजू नका, असेही ते म्हणाले, आणि ते खरेच आहे. स्वामी कार्तिकेयांच्या अनुप्रेक्षेत मांजरासारखे हिंस्र प्राणी बाळगणे अनर्थदंडात गणले आहे. हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात योगशास्त्रात श्रावकाला वर्ज्य अशा पंधरा व्यवसायांची गणना केली, त्यांत असतीपोषणाखाली धनासाठी पाळलेल्या प्राण्यांमध्ये मांजर आहेच.

आत्याने उत्तर दिले ते शांतपणे. ‘भाऊजी, पाळू नका हे तेव्हा आठवायला हवे होते, जेव्हा वखारीत उंदीर झाले म्हणून आपण याच्या आजीला दूध घालून ठेवून घेतले. तेव्हा तो आपल्या फायद्याचा होता. आता तो आजारी आहे.’ मग तिने तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायातील अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार मोजून दाखवले: बांधणे, मारणे, अवयव छेदणे, अतिभार लादणे आणि अन्नपाणी अडवणे. पाचवा आपल्या हातून घडतो आहे की नाही, एवढेच मला सांगा, असे तिने विचारले.

मला दोघांचेही म्हणणे खोडता आले नाही, आणि आजही येत नाही. एवढे मात्र माझे मत आहे की शास्त्राने निषेध केला तो लाभासाठी बाळगण्याचा, आणि त्या निषेधाचा आधार आपण लाभ संपल्यावर घ्यावा हे शोभत नाही. पण त्यामुळे मासा भाजी होत नाही.

दुसऱ्या दिवशी आत्या उपाश्रयात जाऊन आली. महाराजसाहेबांनी सारे ऐकून घेतले, बोक्याची चौकशी केली आणि होय किंवा नाही यातले काहीही सांगितले नाही. मला याचे नवल वाटले नाही. ज्या दानात जीवहिंसा मिसळलेली आहे त्याची प्रशंसा केली तर हिंसेला संमती दिल्यासारखे होते, आणि निषेध केला तर कोणाच्या तरी उपजीविकेवर घाला येतो, म्हणून साधूने दोन्ही टाळावे, असा विचार सूत्रकृतांगात आला आहे. गृहस्थाला मात्र मौन पाळून चालत नाही. सिरिंज भरायची की नाही हे त्याला दोन तासांत ठरवावे लागते.

आपल्या समाजापुढे हा पेच नवा नाही. १८३२ मध्ये मुंबईत इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारण्याचा सपाटा लावला तेव्हा दंगल उसळली. त्यानंतर १८३४ मध्ये भुलेश्वरची पांजरापोळ उभी राहिली, तिच्या उभारणीत सर जमशेटजी जीजीभाईंबरोबर आपल्या व्यापाऱ्यांचाही हात होता. तिचा आरंभ कुत्र्यांमुळे झाला हे आज अनेकांना ठाऊक नसते, कारण पांजरापोळ म्हटले की डोळ्यांपुढे गाय येते. दिल्लीत लाल मंदिराच्या आवारातील पक्ष्यांच्या धर्मार्थ रुग्णालयाने याच पेचावर आपली तोड काढली: शाकाहारी पक्ष्यांना भरती करायचे, आणि ससाणा-घारीसारख्यांवर उपचार करून त्यांना परत पाठवायचे. त्याच दिल्लीत दोन मुसलमान भावांनी आपल्या तळघरात जखमी घारींची शुश्रूषा चालवली आहे; २०२२ साली निघालेला ‘ऑल दॅट ब्रीद्स’ हा माहितीपट त्यांच्यावरच आहे. रुग्णाला तपासणे आणि रुग्णाला जेवू घालणे ही दोन निराळी कामे आहेत, हे तो चित्रपट पाहताना मला कळले नव्हते. महाडच्या माजघरात कळले.

संध्याकाळी पाऊस थांबला तेव्हा मोठे काका मला चवदार तळ्यावर घेऊन गेले. ते तेथे रोज फिरायला जातात. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी हजारो सहकाऱ्यांसह या तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले. नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव १९२४ मध्येच केला होता, तो कागदावर राहिला होता. आणि त्यावरचा दावा उच्च न्यायालयात निकाली निघायला १९३७ उजाडले. काका काठावर बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, ‘या पाण्यावर गुरे येत, कुत्री-मांजरे येत. त्यांना कोणी हटकत नव्हते. माणसांना हटकत होते. अन्नपाणी अडवणे म्हणजे काय, ते या गावाने पाहिले आहे.’ त्या दिवशी त्यांनी बोक्याचे नाव घेतले नाही, मीही काढले नाही.

तोड निघाली ती दुसऱ्याच घरातून. दुकानात तीस वर्षे हमाली करून निवृत्त झालेले एक गृहस्थ पोलादपूरजवळच्या वाडीत राहतात. सगळे त्यांना मामा म्हणतात. ते बाजाराला आले होते, बोक्याची हकिगत ऐकून आत आले आणि म्हणाले, ‘शेठाणी, आमच्याकडे मासळी रोज शिजतेच. याच्यासाठी म्हणून काही आणायचं नाही, मारायचं नाही. मीठ-तिखट घालायच्या आधी दोन तुकडे बाजूला काढले, की झालं याचं. घेऊन जातो मी.’

आत्या क्षणभर गप्प राहिली आणि मग तिच्या तोंडून निघून गेले की साधूंना चालते ते अनुद्दिष्ट अन्न, जे त्यांच्यासाठी म्हणून रांधलेले नसते; इथे तोच नियम लागू पडतो. मांजराची आणि मुनींची गोष्ट एका वाक्यात आली हे लक्षात येताच तिने कानाच्या पाळ्यांना हात लावला. पण मोठ्या काकांनी मान हलवली. एवढेच म्हणाले, ‘औषधाचा आणि येण्याजाण्याचा खर्च आपला.’

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ, मी आणि वेताच्या टोपलीत शेठजी असे पोलादपूरला निघालो. महाड सोडल्यावर सावित्रीवरचा पूल लागतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री इंग्रजी अमदानीतील जुना पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर एसटीच्या दोन गाड्याही गेल्या; आजचा पूल २०१७ च्या जूनमध्ये खुला झाला. त्यावरून जाताना भावाने नेहमीप्रमाणे नवकार म्हटला. नदी तांबडी, दोन्ही काठ भरून चाललेली. पाणी ओसरले की महाडजवळ याच नदीच्या वाळूवर मगरी ऊन खात पडतात. पुढे भातखाचरे हिरवी गर्द, डोंगरावर दरडींच्या जुन्या खुणा, आणि त्या खुणांवरही आता गवत. पोलादपूर हे छोटे गाव. शिवभारतकार कवींद्र परमानंदांची समाधी येथे दाखवतात. गावातून एक रस्ता आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढतो, महामार्ग कशेडीकडे जातो. घाट धुक्यात होता. महाबळेश्वराचा बेत मी तेथेच सोडला.

मामांची वाडी रस्त्यापासून दहा मिनिटे चालत. पडवीत मामींनी खोक्यात जुने लुगडे घालून जागा करून ठेवली होती. भावाने सिरिंज कशी धरायची ते दाखवायला सुरुवात केली, तर मामींनी ती त्याच्या हातातून घेतली. वासरांना काढा पाजणाऱ्या हाताला फार सांगावे लागले नाही, मान वर करू नका एवढे मात्र दोनदा सांगावे लागले, कारण वासराची मान वर करतात. उकडलेली मासळी काटे काढून, गरम पाण्यात घोटून, गाळणीतून गाळलेली. पहिल्या घोटाला बोका जागच्या जागी थबकला. नाक हलले. मग तारेने आवळलेल्या जबड्यातून जीभ बाहेर आली आणि सिरिंजचे टोक त्याने स्वतः चाटले. सहा दिवसांत प्रथमच. मी तोंड दुसरीकडे वळवले नाही, आणि वास मला आवडला असेही नाही.

मामींनी आमच्यासाठी काळा चहा आणि उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा मागल्या दारी, निराळ्या चुलीवर केल्या होत्या. सांगायची वेळ आली नाही. कोकणातल्या शेजारात अशा गोष्टी सांगाव्या लागत नाहीत.

पर्युषणाचे आठही दिवस मामा रोज संध्याकाळी फोनवर वजन कळवीत. त्यांच्याकडे वजनकाटा नव्हता, तेव्हा वाडीतल्या रेशन दुकानाचा काटा चाले. संवत्सरीच्या दिवशी २ किलो ९८० ग्रॅम. पंधरवड्याने बोका ताटलीतून मऊ अन्न स्वतः खाऊ लागला आणि सिरिंज सुटली. सहा आठवड्यांनी तार काढली. खालचा एक सुळा गेला आणि हनुवटी किंचित वाकडी राहिली, एवढेच.

त्याला परत आणण्याचा प्रश्न दिवाळीआधी पुन्हा निघाला. या वेळी आत्या आणि मोठे काका यांचे एकमत होते: आणायचा नाही. वखारीतल्या भिंतीची बिळे सिमेंटने बुजवली, गोण्या जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर चढवल्या आणि घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या कोठ्या करून घेतल्या. खर्च पंधरा हजारांच्या घरात गेला. मोठ्या काकांनी तो दुकानाच्या खात्यावर लिहू दिला नाही, स्वतःच्या खात्यावर लिहिला. आत्या महिन्यातून एकदा पोलादपूरला जाते. जाताना मामींसाठी तूरडाळ आणि गूळ नेते. बोका तिला ओळखतो की नाही याबद्दल भावाला शंका आहे, आत्याला नाही.